नऊ नंबर

नातू विचारतो, आबा, सुरुवात कुठून लिहू?
म्हटलं, लिही : डफ आधी शेकावा लागतो.
हिवाळ्यात कातडं ओल्या भाकरीसारखं बसतं,
तुराट्यांचा जाळ करायचा,
लांबून लांबून फिरवायचा,
टिचकी मारून ऐकायचं.
जाळाजवळ बसल्या बसल्या
गळाही तापतो, हे कुणी शिकवत नाही.

बोरी नदीच्या काठी आमची पार्टी. सहा माणसं.
पुढे हिलाल बुवा,
हातात तांबड्या फडक्यात बांधलेली वही.
गाठ सोडायचे, बोट जिभेला लावायचे,
पान उलटायचे, मग तोंड उघडायचे.
समोरची पार्टी वही बघूनच अर्धी हरायची.
मी अकरा वर्षांचा, मागं झील धरायला.
एकदा माझ्याकडे वळून म्हणाले,
"खडा शे तुना गळामा. काढू नको. जपी ठेव."

त्या खड्यावर आयुष्य गेलं.

दोंडाईच्याला मिरचीच्या पथारीवर एक हंगाम काढला.
नाकाला फडकं, डोळ्यांत पाणी,
तिथली गाणी मला अजून
खोकल्यासकटच आठवतात.
सुपडाबाई देठं मोडता मोडता
दुसरी ओळ फेकायची, अशी, की मला तिसरी सुचू नये.
रोज हरलो.
लग्न केलं तिच्याशी; वाटलं, घरात तरी जिंकू.

जळगावच्या रेडिओवर गेलो होतो, तेही लिही.
काचेमागचा साहेब म्हणाला, तीन मिनिटं.
तीन मिनिटांत कानबाईचं न्हाणंसुद्धा होत नाही.
लाल दिवा विझला, मी चालूच.
साहेब बाहेर आला, चहा पाजला,
एस.टी.चं भाडं दिलं, आवाज चांगला आहे म्हणाला.
ते कधी लागलं नाही.
सुपडाबाई मात्र वर्षभर
रेडिओकडे तोंड करून भाकरी थापायची.
ती गेल्यापासून दुसरी ओळ
माझी मलाच द्यावी लागते.

बुवा गेले, वही माझ्याकडे आली.
मला अक्षर येत नव्हतं. कुणाला सांगितलं नाही.
चाळीस वर्षं गाठ सोडली,
बोट जिभेला लावलं, पान उलटलं.
बेटावदला एक मास्तर कानाशी आला,
"भाऊ, उलटी धरेल शे."
म्हटलं, समोरच्याले सरळ दिसाले पाहिजे ना!

पुढे बँड आला, मग डीजे.
मागच्या लग्नात त्याच्या दणक्यानं
खुंटीवरचा डफ आपोआप वाजला.
मी म्हटलं, चला, कुणीतरी वाजवलं.

आज नातवानं फडकं सोडलं.
वाचायला लागला मोठ्यानं :
तुराट्या दोन पेंढ्या.
कातडं, साडेचार रुपये.
सारंगखेड्याची गाडी, भाडं निम्मं देणे.
उखा संबळवाला, येणे तीन.
गोडंतेल पावशेर.
पानं उलटली, मागं गेला, पुढं गेला.
आबा, यात गाणं एकही नाही.

मी गप्प बसलो थोडा वेळ.
म्हणजे पावशेर तेलावर बोट ठेवून
बुवा कानबाईला न्हाऊ घालायचे,
आणि समोर हजार माणूस भिजायचं.

मग नातू म्हणाला, तुमचं नाव आहे इथं.
"भिलाले चपला. देणे."
बाकीच्या ओळींवर काट मारलेली,
हिच्यावर नाही.

त्या वर्षी धुळ्यापर्यंत चालत गेलो होतो आम्ही,
माती अशी तापलेली, की पाय टेकवू तिथं ताल बदलायचा.
बुवांनी एकदाही मागं वळून पाहिलं नव्हतं,
असं मला इतकी वर्षं वाटत होतं.

नातू पेन उघडून बसलाय.
खोडून टाकू का, आबा?
नको.
बाजूला लिही : नऊ नंबर.